तीन सेकंद चालू, सहा सेकंद बंद

व्हीलचेअरवरून टॉयलेटच्या सीटवर सरकायचं, उजव्या बरगडीखालच्या उंचवट्यावर ट्रान्समीटरचा चपटा ठोकळा टेकवायचा आणि कंट्रोलरचं बटण दाबायचं. पहिले तीन सेकंद पायाची बोटं आत वळतात, पोटऱ्या ताठरतात, लघवीचा मात्र थेंब नाही. मग सहा सेकंद करंट बंद राहतो आणि धार येते ती या बंद वेळात. पुन्हा तीन सेकंद, पुन्हा सहा. अशा पंधरा-एक फेऱ्यांत, म्हणजे सव्वादोन मिनिटांच्या आसपास, ४०० मिली लघवी होऊन मूत्राशय रिकामं होतं. नळी नाही, पोटावर थापट्या मारणं नाही, पॅड नाही.

माझी मज्जारज्जूची दुखापत टी-५ या पातळीवरची (छातीच्या भागातला पाचवा मणका) आणि पूर्ण आहे, म्हणजे छातीखाली हालचाल नाही आणि संवेदनाही नाही. वर सांगितलं ते काम मूत्राशयाच्या नसांना करंट देऊन लघवी करवणाऱ्या, शरीरात बसवलेल्या यंत्राचं. ते बसवायचं ऑपरेशन इंग्लंडमध्ये झालं. हे यंत्र जन्मलंही तिथेच. ‘ब्लॅडरचा पेसमेकर बसवून घ्यावा का?’ असं पुण्या-मुंबईकडची माणसं विचारतात, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा वेगळंच यंत्र असतं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. आधी तपासण्यांपासून रोजच्या वापरापर्यंतचं सगळं मांडते, कारण या यंत्राच्या बदल्यात शरीरातलं काही कायमचं कापून द्यावं लागतं. ते काय, हे टेबलावर जाण्याआधी पुरतं समजलेलं असायला हवं.

मूत्राशयाला आवळण्याचा हुकूम नेणाऱ्या नसा पाठीच्या तळाशी एस-२, एस-३ आणि एस-४ या चेतामुळांतून निघतात. प्रत्येक पातळीवर दोन्ही बाजूंना पुढचं एक आणि मागचं एक मूळ असतं. पुढचं मूळ हुकूम बाहेर नेतं, मागचं खबर आत आणतं. टी-५ ला इजा झाली तरी खालची ही मुळं जिवंत असतात, फक्त मेंदूचा त्यांच्यावरचा ताबा जातो. मग इजेखालचा मज्जारज्जू स्वतःच कारभार बघू लागतो. मूत्राशयात थोडं साठलं की मागच्या मुळांतून खबर जाते, पुढच्यांतून हुकूम येतो आणि मूत्राशय आवळतं. त्याच क्षणी लघवी रोखणारा गोल स्नायू, म्हणजे स्फिंक्टर, तोही आवळतो. बंद दारावर आतून धक्के बसावेत तसं होतं. थोडी लघवी गळते, बरीच आत राहते, आतला दाब चढतो आणि मूत्रपिंडांपर्यंत पोचतो. हा दाब ४० सेंटिमीटर पाण्याच्या वर राहू लागला की मूत्रपिंडं धोक्यात, हा १९८०च्या दशकापासूनचा ठोकताळा युरॉलॉजिस्ट अजूनही वापरतात.

यावरचा रूढ उपाय म्हणजे दिवसातून चार ते सहा वेळा नळी घालून मूत्राशय रिकामं करणं, ज्याला सगळे सीआयसी म्हणतात. सोबत आकुंचनं शांत ठेवायला ऑक्सिब्युटिनिनसारख्या गोळ्या किंवा मूत्राशयाच्या भिंतीत बोटॉक्सची २०० युनिट, जी काही महिन्यांनी पुन्हा द्यावी लागतात. एवढ्यावर ज्यांचं नीट चाललं आहे त्यांनी ऑपरेशनच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हे ऑपरेशन त्यांच्यासाठी, ज्यांना गोळ्या सोसत नाहीत, बोटॉक्स घेऊनही गळती राहते, जंतुसंसर्ग पाठ सोडत नाही, किंवा मूत्राशय भरलं की रक्तदाब उसळून डोकं फुटायची वेळ येते. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक कारण असतं. पुरुषांना बाहेरून कंडोम कॅथेटर लावता येतो, आम्हाला तशी सोय नाही. खुर्चीत बसून, कपडे सारून, न दिसणाऱ्या जागी नळी घालणं अनेकींना जमतच नाही; त्यासाठी दर वेळी पलंगावर जावं लागतं, नाहीतर मदतनीस लागतो.

पुढच्या मुळांना करंट देऊन मूत्राशय रिकामं करण्याची कल्पना लंडनमधल्या जाइल्स ब्रिंडली या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने प्रत्यक्षात आणली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एका अंध व्यक्तीच्या मेंदूवर दृष्टीसाठीचं इलेक्ट्रोडांचं यंत्र बसवलं होतं. नंतर बबून माकडांवर प्रयोग करून ते मूत्राशयाकडे वळले आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस हे यंत्र माणसात यशस्वीपणे चालू लागलं. १९९४ मध्ये त्यांनी पहिल्या ५०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीएने १९९८ मध्ये ‘व्होकेअर’ या नावाने त्याला मंजुरी दिली. इंग्लंड-युरोपात ते फाइनटेक-ब्रिंडली म्हणून ओळखलं जातं.

अडचण अशी, की मूत्राशयाचे धागे आणि स्फिंक्टरचे धागे एकाच मुळातून जातात. स्फिंक्टरचे धागे जाड असतात आणि जाड धाग्याला कमी करंट पुरतो. म्हणजे मूत्राशय आवळेल एवढा करंट दिला की स्फिंक्टर त्याआधीच घट्ट मिटलेला असतो. सतत करंट देत राहिलं तर पुन्हा तोच बंद दारावरचा धक्का. ब्रिंडलींनी वाट काढली ती दोन स्नायूंच्या वेगातल्या फरकातून. स्फिंक्टर हातापायांच्या स्नायूंसारखा आहे, करंट थांबला की निमिषात सैल पडतो. मूत्राशयाचा स्नायू संथ. आवळायला काही सेकंद घेतो आणि सैल पडायलाही. तीन सेकंद करंट दिला की दोन्ही आवळतात. करंट थांबला की स्फिंक्टर लगेच उघडतो, पण मूत्राशय अजून दाबतच असतं. त्या फटीत लघवी बाहेर पडते. मूत्राशय पुरतं ओसरायच्या आत पुढचा झटका येतो आणि दाब टिकून राहतो. यंत्राची सगळी जुळणी म्हणजे ही फट किती लांब ठेवायची एवढंच ठरवणं.

आता कापण्याबद्दल. नुसतं यंत्र बसवलं तर रिकामं करण्याचा प्रश्न सुटतो, गळतीचा सुटत नाही. मागच्या मुळांतून खबर जातच राहते आणि मूत्राशय मनाला येईल तेव्हा आवळत राहतं. म्हणून एस-२ पासून खालची मागची मुळं दोन्ही बाजूंनी कापतात. याला पोस्टीरियर रायझोटॉमी म्हणतात. जर्मनीत बाड विल्डुंगेनच्या डॉ. सावरवाइन यांनी १९८०च्या दशकात इम्प्लांटसोबत ती नेमाने करायला सुरुवात केली आणि आज ही दोन कामं एकत्रच धरली जातात. खबर नेणारी तार गेली की मूत्राशय शांत, सैल पिशवी होतं. ४००-५०० मिली साठलं तरी दाब चढत नाही, गळती थांबते, गोळ्या आणि बोटॉक्स बंद होतात आणि मूत्राशयामुळे रक्तदाब उसळणं बहुतेकांचं थांबतं.

आणि जातं काय? पुरुषांची स्पर्शाने येणारी प्रतिक्षिप्त ताठरता जाते, व्हायब्रेटरने वीर्य मिळवण्याची वाट बंद होते. स्त्रियांमध्ये स्पर्शाने येणारा प्रतिक्षिप्त ओलावा जातो. बोटाने किंवा सपोझिटरीने गुदद्वार चेतवून शौचाला होण्याची जी सवय लावलेली असते ती निकामी होते. ज्यांची दुखापत अर्धवट आहे, ज्यांना मांडीच्या आतल्या बाजूला किंवा जननेंद्रियांजवळ थोडी जाणीव उरली आहे, त्यांची तीही जाते. हे परत जोडता येत नाही. उद्या मज्जारज्जूवर काही नवा उपचार निघाला तरी कापलेली मुळं त्याला उपयोगी पडणार नाहीत. मुलं हवी असलेल्या पुरुषांनी वीर्य आधीच गोठवून ठेवावं. हा मुद्दा ओपीडीतल्या दहा मिनिटांत उरकण्यासारखा नाही. जोडीदाराला सोबत नेऊन, प्रत्येक ओळीवर प्रश्न विचारून, मग सही करावी. मी सही करण्याआधी या एका गोष्टीला जितका वेळ दिला तितका बाकी कशालाच दिला नाही आणि तो योग्यच होता.

निवडीच्या तपासण्यांचा सगळा भर एकाच प्रश्नावर असतो: एस-२ ते एस-४ च्या मोटर पेशी जिवंत आहेत का? दुखापत वरची असेल तर बहुधा असतात. कंबरेच्या मणक्याला मार बसून मज्जारज्जूचं खालचं टोकच चिरडलं असेल तर नसतात आणि मग हे यंत्र चालतच नाही, कारण करंट मेलेल्या नसेतून जात नाही. टाचेमागचा झटका, गुदद्वाराचा प्रतिक्षेप, बल्बोकॅव्हर्नोसस प्रतिक्षेप (जननेंद्रिय दाबल्यावर गुदद्वार आवळतं का) हे हातानेच बघतात. निर्णायक तपासणी युरोडायनॅमिकची. एक बारीक नळी मूत्राशयात, एक गुदमार्गात. पहिलीच्या दाबातून दुसरीचा वजा केला की स्नायूचा खरा दाब कळतो. मज्जारज्जूच्या रुग्णांत सलाईन सावकाश, मिनिटाला १० ते २० मिलीनेच सोडायचं असतं. भराभर भरलं तर मूत्राशय खवळतं आणि आकडे फसवे येतात. प्रतिक्षिप्त आकुंचनाचा दाब स्त्रीमध्ये ३५ आणि पुरुषामध्ये ५० सेंटिमीटर पाण्याच्या वर गेला तर मूत्राशय रिकामं करण्याइतकी ताकद आहे असं धरतात.

इथे एक चूक वारंवार होते. ऑक्सिब्युटिनिन चालू असताना किंवा बोटॉक्सचा अंमल असताना ही तपासणी केली तर मूत्राशय दुबळं दिसतं आणि चांगला उमेदवार नापास होतो. गोळ्या सांगितल्याप्रमाणे काही दिवस आधी थांबवाव्या लागतात. बोटॉक्स पूर्ण उतरेपर्यंत थांबावंच लागतं. या काळात गळती आणि रक्तदाब दोन्ही वाढतात. त्यामुळे टी-६ किंवा त्याच्या वरची दुखापत असणाऱ्यांनी घरी रक्तदाबाचं यंत्र ठेवावं. डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, दुखापतीच्या वर घाम फुटणं, यांपैकी काही झालं तर ताबडतोब उठून बसायचं आणि मूत्राशय रिकामं करायचं.

बेडसोर असेल तर तो पूर्ण भरल्याशिवाय ऑपरेशन होत नाही. त्वचेतले जंतू रक्तातून इम्प्लांटवर जाऊन बसले तर अख्खं यंत्र काढावं लागतं. त्याच कारणासाठी आधी लघवीचं कल्चर करून त्यानुसार अँटिबायोटिक देतात. पूर्वी स्फिंक्टर कापलेला असेल, म्हणजे स्फिंक्टरोटॉमी झालेली असेल, किंवा मूत्राशयाचं तोंड सैल असेल तर ते आधीच सांगावं. ऑपरेशननंतर त्यांना खोकताना किंवा खुर्चीवरून सरकताना गळती राहू शकते.

ऑपरेशन पालथं झोपवून, चार ते सहा तासांचं. भूल देणाऱ्या डॉक्टरांचं काम इथे फार नाजूक असतं. स्नायू सैल करणारं लांब पल्ल्याचं औषध देता येत नाही, कारण पायाची आणि गुदद्वाराची हालचाल बघून मुळं ओळखायची असतात. अ‍ॅट्रोपीन जातीची औषधंही नकोत, ती मूत्राशयाचा प्रतिसाद दाबतात. कंबरेखालच्या मणक्यांच्या कमानी काढून मज्जारज्जूची पिशवी, ड्युरा, उघडतात. आत केसांच्या बटांसारखी मुळं लोंबत असतात. एकेकाला छोट्या हुकावर उचलून करंट देतात आणि तीन ठिकाणी बघतात: पाय, गुदद्वार आणि मूत्राशयातल्या नळीवरचा दाब. एस-२ ला पोटरी आणि नितंब हलतात, एस-३ ला पायाची बोटं वळतात आणि मूत्राशयाचा दाब सगळ्यात जास्त चढतो, एस-४ ला मुख्यतः गुदद्वाराभोवतीचा स्नायू आवळतो. दाब चढायला काही सेकंद लागतात, म्हणून घाई करून चालत नाही. मागचं मूळ चेतवलं की रक्तदाब उसळू शकतो, तीही त्याची एक खूण. कापून झाल्यावर उरलेल्या धाग्यांची पुन्हा चाचणी होते. एखादा बारीक धागा निसटला तरी पुढे गळती उरते आणि त्यासाठी पुन्हा पाठ उघडायची वेळ येऊ शकते.

पुढची मुळं मग इलेक्ट्रोडच्या खाचांत ठेवतात. सिलिकॉनचा हा तुकडा पुस्तकाच्या पानांसारख्या खाचांचा असतो, म्हणून त्याचं नावच बुक इलेक्ट्रोड. प्रत्येक खाचेत तीन इलेक्ट्रोड, मधला ऋण, दोन टोकांना धन. त्यामुळे करंट खाचेतच राहतो, शेजारच्या मुळावर सांडत नाही. वर झाकण चिकटवतात. पूर्वीच्या ऑपरेशनने किंवा संसर्गाने आत मुळं एकमेकांना चिकटली असतील तर ही पद्धत जमत नाही. मग ड्युराबाहेर, खाली सेक्रममध्ये, म्हणजे कंबरेच्या तळाच्या त्रिकोणी हाडात, मुळांभोवती इलेक्ट्रोड लावतात. तिथे पुढचं-मागचं मूळ एकाच आवरणात असल्याने कापण्याचं काम वर, मज्जारज्जूच्या टोकाशी, दुसरी चीर घेऊन करावं लागतं.

ड्युरातून केबल बाहेर येते तिथे पाणी झिरपू नये म्हणून सिलिकॉनचं बूच असतं. केबल त्वचेखालून ओढून पुढे आणतात आणि बरगडीखाली रिसीव्हरला जोडतात. रिसीव्हरमध्ये बॅटरी नसते. ऊर्जा आणि हुकूम दोन्ही बाहेरच्या ट्रान्समीटरकडून रेडिओ लहरींनी त्वचेपलीकडे जातात. म्हणून बॅटरी बदलायला पुन्हा ऑपरेशन लागत नाही आणि दशकानुदशकं चालणारी इम्प्लांटं आहेत. रिसीव्हरची जागा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी खुर्चीत बसवून, पेनने खूण करून ठरवायला लावावी. झोपलेल्या पोटावर योग्य वाटणारी जागा बसल्यावर घडीत जाते आणि ठोकळा नीट टेकतच नाही. बेल्ट, पट्टा, पलंगावर सरकताना घासणारी कड, सगळं तेव्हाच बघून घ्यायचं. हात दुबळे असतील तर ज्या हाताने धरता येईल ती बाजू निवडायची.

नंतर काही दिवस सपाट पडून राहायचं, ड्युराची शिवण धरेपर्यंत. दर दोन तासांनी ओंडक्यासारखं वळवतात. डोकं उचललं की ठणकणं, किंवा रिसीव्हरभोवती मऊ पाण्याची गाठ होणं, ही मज्जाद्रव झिरपत असल्याची लक्षणं. गाठ बहुतेक वेळा आपोआप जिरते. तिला स्वतःहून टोचू-दाबू नये, आत जंतू जाऊ शकतात. तोवर लघवीची नळी राहतेच.

पहिल्यांदा यंत्र चालू करतात ते साधारण आठवड्याने आणि इथे बऱ्याच जणांचा धीर सुटतो. पाय उडतात, लघवी होत नाही. ऑपरेशनमध्ये हाताळलेली पुढची मुळं काही काळ बधिर राहतात, प्रतिसाद परत यायला आठवडे, कधी महिने लागतात. पायाचे स्नायूही इतक्या दिवसांनी एकदम कामाला लागलेले असतात. त्यामुळे आधी कमी ताकद, कमी फेऱ्या. ही जुळणी युरोडायनॅमिकच्या नळ्या लावूनच करायला हवी. लघवी बाहेर आली म्हणजे जुळणी बरोबर, असं नाही. आत दाब भयंकर चढवूनही लघवी बाहेर येते आणि तो दाब मूत्रपिंडं सोसत असतात.

बदलता येण्यासारख्या गोष्टी थोड्याच: प्रत्येक चॅनेलची ताकद, पल्सची रुंदी, सेकंदाला किती पल्स म्हणजे करंटचे ठोके (लघवीसाठी सहसा २० ते ३०), झटका किती सेकंद आणि फट किती. पाय फार उडत असतील, अगदी सीटवरून घसरण्याइतके, तर एस-२ चा चॅनेल कमी करायचा. मूत्राशयाचं मुख्य काम एस-३ करतं. फटीत धार नीट येते पण लवकर तुटते आणि पुढचा झटका यायला वेळ आहे, तर फट लहान करायची. धार ऐन रंगात असतानाच झटका येऊन तुटते, तर फट वाढवायची. दाब चढतो, फटीतही काही येत नाही, तर झटका लहान करून बघतात. तरीही नाही, तर मूत्राशयाच्या तोंडाशी अडथळा आहे का ते एक्स-रेसकट तपासतात. माझ्या बाबतीत पाच सेकंद झटका, सहा सेकंद फट अशी असलेली वेळ तीन आणि सहावर आणल्यावर दाब एकदम खाली आला, लघवी तेवढीच राहिली. प्रत्येक बदलानंतर मागे किती उरलं ते नळी घालून किंवा ब्लॅडर स्कॅनने मोजायचं. ५० मिलीच्या आत राहिलं तर जुळणी जमली. पहिले तीन महिने वही ठेवावी: वेळ, किती प्यायलं, किती झाली, किती उरली, पाय किती उडाले. पुढच्या भेटीत डॉक्टर प्रोग्रॅम बदलतात ते या वहीवरून.

मूत्राशय भरल्याचं आता कळत नाही, ना पोटात, ना घाम फुटून. म्हणून घड्याळ लागतं. दर चार तासांनी, रात्री झोपताना एकदा, उठल्यावर एकदा. शांत मूत्राशय आहे म्हणून आठ-आठ तास साठवून ठेवणारे लोक आहेत. हे फार वाईट. ताणलेला स्नायू हळूहळू ताकद गमावतो आणि मग यंत्र कितीही चांगलं असलं तरी मागे लघवी उरते, संसर्ग सुरू होतो.

शौचासाठी वेगळा प्रोग्रॅम असतो. मोठं आतडं मूत्राशयाहूनही संथ, म्हणून झटका दहा सेकंद आणि फट वीस सेकंदांच्या आसपास. काहींना याच्यावरच पूर्ण शौच होतं. बऱ्याच जणांना मल गुदद्वारापर्यंत खाली येतो आणि मग बोटाने काढावा लागतो. रायझोटॉमीने जुनी सवय मोडलेली असते, त्यामुळे पहिले काही महिने बद्धकोष्ठ वाढतं. इसबगोल, पाणी आणि ठरलेली वेळ यांची घडी नव्याने बसवावी लागते. पुरुषांसाठी तिसरा प्रोग्रॅम ताठरतेचा, तो काहींना उपयोगी पडतो, सगळ्यांना नाही. त्याच्या भरवशावर ऑपरेशनला होकार देऊ नये.

बिघाडांत पहिला संशय नेहमी बाहेरच्या वस्तूंवर घ्यायचा. ट्रान्समीटरची वायर ठोकळ्यापाशी वाकून-वाकून तुटते. हा सगळ्यात नेहमीचा बिघाड आणि म्हणूनच घरात एक जास्तीची वायर असलीच पाहिजे. वायर बदलून चाललं तर प्रश्न मिटला. दुसरा संशय ठोकळ्याच्या जागेवर. रिसीव्हरमध्ये स्वतःची ताकद नसल्याने ठोकळा बोटभर सरकला की करंट घटतो, उलटा धरला की चॅनेलची अदलाबदल होते. मार्करने ‘वर’ असं लिहून ठेवावं. वजन वाढून मधली चरबी जाड झाली तरी असंच होतं आणि लोक ते यंत्राच्या वयावर ढकलतात. हे सगळं ठीक असूनही एका बाजूचा पाय अचानक हलायचा थांबला, तर आतली केबल तुटली असावी. एक्स-रेत बहुधा दिसतं आणि छोट्या ऑपरेशनने ती जोडता येते, पाठ उघडावी लागतेच असं नाही. पाय पूर्वीसारखे हलतात, लघवी मात्र कमी होते, तर बिघाड यंत्राचा नाही. आधी संसर्ग तपासावा, मग कोणती नवी गोळी सुरू झाली ते बघावं. नैराश्याच्या, अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या मूत्राशय ढिलं करतात. रिसीव्हरवरची त्वचा लाल, गरम झाली किंवा पातळ होऊन चमकू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

आता तो ‘ब्लॅडरचा पेसमेकर’. भारतातल्या मोठ्या शहरांत बसवला जातो तो सेक्रल न्यूरोमॉड्युलेशनचा. त्यात एस-३ च्या छिद्रातून एक वायर सोडतात, आधी काही दिवस बाहेरच्या बॅटरीवर चाचणी घेतात आणि फरक पडला तरच आत बॅटरी बसवतात. तो हलका करंट सतत देऊन मागे जाणाऱ्या खबरींचा गोंधळ शांत करतो. घाईची लघवी, काही प्रकारची तुंबलेली लघवी, क्वचित अर्धवट दुखापत, इथे त्याचा उपयोग. पूर्ण दुखापतीत बटण दाबून मूत्राशय रिकामं करणं हे त्याचं कामच नाही. लाखो रुपये भरण्याआधी एवढा एक प्रश्न विचारावा: हे यंत्र लघवी रिकामी करेल, की फक्त शांत करेल?

शांत करण्याचाच प्रश्न असेल तर त्याआधी एक स्वस्त वाट युरॉलॉजिस्टला विचारून बघता येते. फिजिओथेरपीत वापरतात ते त्वचेवरून हलका करंट देणारं साधं टेन्स मशीन घोट्याजवळच्या टिबियल नसेवर लावायचं. ती नस एस-२, एस-३ मधूनही येते. एक पॅड पायाच्या आतल्या घोट्याच्या हाडामागे, दुसरा त्याच रेषेत १० सेंटिमीटर वर. पल्स २०० मायक्रोसेकंद, सेकंदाला १० किंवा २०, अर्धा तास. ताकद अंगठा हलेपर्यंत वाढवायची आणि मग थोडी उतरवायची. पायाला जाणीव नसते, म्हणून ‘सोसेल तेवढं’ हा नियम इथे लागू नाही. अंगठ्याकडे बघूनच ठरवायचं. अंगठा अजिबात हलत नसेल तर आधी पॅड जागेवर आहे का ते बघावं. ताकद चढवत राहिलं तर त्वचा भाजते आणि ते कळत नाही. पॅडचा चिकटपणा गेला की कड उचलली जाते, सगळा करंट उरलेल्या तुकड्यातून जातो आणि तिथेच भाजतं. दर वेळी पॅड काढल्यावर त्वचा बघावी, पावसाळ्यात पॅड हवाबंद पिशवीत ठेवावेत. बारा आठवडे नेटाने करून, आधी आणि नंतर युरोडायनॅमिक करून मगच निष्कर्ष काढावा. हृदयाचा पेसमेकर असेल किंवा गर्भारपण असेल तर करू नये. आणि सीआयसी चालूच ठेवायचं, कारण हे रिकामं करत नाही.

इम्प्लांट असणाऱ्यांनी वर्षातून एकदा मूत्रपिंडांची सोनोग्राफी, क्रिएटिनिन आणि मागे उरणाऱ्या लघवीची मोजणी करावी. यंत्र चांगलं चाललं असलं तरी. पाकिटात इम्प्लांटचं कार्ड हवं. एमआरआय सांगितला तर मशीनमध्ये जाण्याआधी ते कार्ड दाखवून त्या मॉडेलला परवानगी आहे का, हे रेडिओलॉजी विभागाकडून लेखी घ्यावं. खांदे दुखतात म्हणून फिजिओथेरपिस्टकडे गेलात तर शॉर्टवेव्ह डायथर्मी (रेडिओ लहरींचा शेक) नको असं आधीच सांगावं, कारण तिच्या लहरी आतल्या वायरीत शिरून मुळं भाजू शकतात. आणि प्रवासाला निघताना, कंट्रोलर चार्ज केलेला असला तरी, पिशवीत दोन कॅथेटर आणि जेलची ट्यूब ठेवायचीच.